थोरांचं देणं, पोरांच्या माथी

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या २००८ सालच्या कादंबरीत सुरुवातीलाच एक हिशोब येतो. पॅनेम नावाच्या देशातल्या जिल्ह्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी राजधानीविरुद्ध बंड केलं आणि ते चिरडलं गेलं. शिक्षा म्हणून उरलेल्या बारा जिल्ह्यांनी दर वर्षी बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी राजधानीच्या हवाली करायची असं ठरलं. ही चोवीस मुलं एका रिंगणात सोडतात आणि एकच जिवंत उरेपर्यंत तो खेळ साऱ्या देशाला टीव्हीवर दाखवतात. नावं चिठ्ठ्या टाकून काढतात. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. मात्र घरात खायला नसेल, तर आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकून एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतकं धान्य आणि तेल घेता येतं. घरात जितकी तोंडं, तितक्या चिठ्ठ्या; आणि त्या दर वर्षी साचत जातात. त्यामुळे आई आणि धाकट्या बहिणीला पोसणाऱ्या सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या २० चिठ्ठ्या झाल्या आहेत. पाच जणांच्या घराचा भार उचलणाऱ्या तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या ४२. महापौरांच्या मुलीच्या मात्र वयानं येतील तेवढ्याच, पाच. ज्या मुलांचे आजे-पणजे त्या बंडाच्या वेळी तरुण होते, त्या मुलांच्या भुकेवर बसवलेला हा कर आहे. जिल्ह्यातल्या उपाशी घरांनी पोटभर जेवणाऱ्या घरांचा द्वेष करावा, म्हणजे राजधानीकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, हा त्यामागचा हेतूही गेलला पुरता कळलेला आहे.

इतका तपशील सांगण्याचं कारण असं, की गेल्या तीसेक वर्षांत इंग्रजीत कुमारवयीन वाचकांसाठी जी फॅन्टसी लिहिली गेली, तिच्यातल्या चांगल्या कादंबऱ्यांचा खरा विषय मला हाच दिसतो. जादू, ड्रॅगन, चेटकिणी, दुसऱ्या जगाची दारं हे सगळं तिथं आहेच. पण आधीच्या पिढीनं सत्ता मिळवली, युद्धं केली, ज्ञानाच्या हव्यासापायी भलतंच काही करून ठेवलं, आणि त्याचं देणं त्या व्यवहारात कधीच नसलेल्या मुलांच्या नावावर पडलं, या गाभ्याभोवती ती गोष्ट उभी राहते. असं पुस्तक चांगलं की सुमार, हे माझ्या मते दोन प्रश्नांवर ठरतं. ते देणं मुलाला खरोखर कळतं का? आणि ते फेडताना किंवा नाकारताना आणखी कुणा मुलाच्या माथी मारलं जात नाही ना? पुढच्या पानांतली वाचनटिपणं निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या पुस्तकांवर लिहिलेली आहेत. पण त्या प्रत्येकात हे दोन प्रश्न मी लावून पाहिले आहेत.

आईबापांशी भांडण हा किशोरवयीन कथेचा जुनाच विषय, त्यासाठी फॅन्टसी कशाला हवी, असं कुणी विचारेल. विचारणं योग्यच आहे. वास्तववादी कादंबरीत हे भांडण घराच्या चार भिंतींत राहतं. बापाचं कर्ज, आईचा हट्ट, शेतीचा वाद यांचा परिणाम मुलावर होतो, पण त्यामागची सामाजिक यंत्रणा लेखकाला आडवळणानं, प्रसंगाप्रसंगातून सुचवावी लागते. फॅन्टसीला नियम करता येतात. चिठ्ठी टाकली की धान्य मिळतं, असा एक नियम केला की वर्गव्यवस्थेविषयी प्रकरणभर लिहून जे साधलं नसतं ते बारा वर्षांच्या वाचकाला आकड्यांत दिसतं. ४२ आणि ५ यांतला फरक समजायला त्याला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या त्रयीत हाच नियम शरीरापर्यंत येऊन भिडतो. पहिलं पुस्तक ‘नॉर्दर्न लाइट्स’ १९९५ सालचं. त्यातल्या लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा त्याच्या देहाबाहेर, प्राण्याच्या रूपात, सतत त्याच्या सोबत वावरतो. त्याला डीमन म्हणतात. लहान मुलांचे डीमन क्षणोक्षणी रूप पालटतात, वयात आल्यावर एकच रूप कायम होतं. उत्तरेच्या बर्फात बोलव्हांगर इथं मुलांना त्यांच्या डीमनपासून कापून वेगळं करण्याचे प्रयोग चालले आहेत, आणि त्यांना धर्मसत्तेचा आशीर्वाद आहे. असा कापलेला टोनी मकारिओस नावाचा एक पोरगा लायराला सापडतो, तेव्हा त्यानं डीमनच्या जागी एक सुका मासा छातीशी घट्ट धरलेला असतो. पुढे तो मरतो. सोबतच्या माणसांपैकी कुणीतरी तो मासा काढून घेतं, तेव्हा लायरा संतापानं पेटते. मग एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरून ते नाणं ती त्या मुलाच्या तोंडात ठेवते. तुळशीपत्र आणि गंगाजलाची रीत जाणणाऱ्या मराठी वाचकाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको. हे प्रयोग चालवणारी बाई लायराची जन्मदात्री आहे. आणि लायरा ज्या मित्राला, रॉजरला, त्या नरकातून सोडवून आणते, त्याचाच बळी तिचा बाप लॉर्ड अ‍ॅस्रिएल दुसऱ्या जगाची वाट उघडण्यासाठी देतो. त्याचं ध्येय थोर आहे, त्याचं धाडस खरं आहे. पुलमन ते कुठेही नाकारत नाहीत, आणि म्हणूनच रॉजरचं मरण वाचकाला इतकं जड जातं.

तिसऱ्या भागात, ‘द अ‍ॅम्बर स्पायग्लास’मध्ये, हा हिशोब पूर्ण होतो. कित्येक पिढ्यांपूर्वी चित्तागात्झे शहरातल्या विद्वानांच्या संघानं एक सुरी घडवली. तिनं एका जगातून दुसऱ्या जगात जायला खिडकी कापता येते. पण कापलेल्या प्रत्येक खिडकीबरोबर एक पिशाच्च जन्माला येतं, आणि जगाला जाणीव देणारी धूळ त्या खिडक्यांतून गळत जाते. म्हणून सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागतात. एक तेवढी उघडी ठेवता येईल, असं कळतं. लायरा आणि विल दोन वेगळ्या जगांतली मुलं आहेत, एकमेकांवर प्रेम करू लागलेली आहेत. ती एक खिडकी त्यांना स्वतःसाठी ठेवता आली असती. ती ते करत नाहीत. मेलेल्यांच्या लोकातून आत्म्यांना सुटून बाहेर पडता यावं, म्हणून ती खिडकी ठेवली जाते आणि ही दोघं कायमची दुरावतात. सुरी घडवणाऱ्यांचं देणं त्यांनी फेडलं आणि पुढच्या कुणाच्याही नावावर बाकी ठेवली नाही. या पुस्तकाला २००१ सालचा व्हिटब्रेड वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. तो सर्वोच्च मान मुलांच्या पुस्तकाला तेव्हा पहिल्यांदाच मिळाला, आणि तो सर्वस्वी रास्त होता. पुलमन पुढे मोठ्या झालेल्या लायराकडे परतले. तिच्याविषयीच्या दुसऱ्या त्रयीचा शेवटचा खंड ‘द रोझ फील्ड’ २०२५ मध्ये आला.

हा धागा एकदा हाती लागला, की तो इतरत्रही दिसू लागतो. पॅट्रिक नेस यांच्या ‘द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो’मधल्या गावात मुलानं पुरुष व्हायचं म्हणजे माणूस मारायचा, कारण गावातल्या सगळ्या पुरुषांनी पूर्वी एक पाप केलं आहे आणि त्यात वाटेकरी नसलेला एकही माणूस त्यांना उरू द्यायचा नाही. टोमी अडेयेमी यांच्या ‘चिल्ड्रेन ऑफ ब्लड अँड बोन’ (२०१८) या योरुबा पुराणकथांच्या मातीत रुजलेल्या कादंबरीत राजा सारान जादूगारांचा संहार करतो. पण त्याचं पहिलं कुटुंब जादूगारांनीच मारलेलं होतं. सुडाचं ते देणं त्या संहारात आई गमावलेल्या झेलीसारख्या मुलीकडे जसं येतं, तसंच राजाच्या स्वतःच्या मुलांकडेही. अमेरिकेत पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेली काळी मुलं या कादंबरीमागे आहेत, हे लेखिकेनं पुस्तकाच्या शेवटी स्वतःच नोंदवलं आहे. हॅरी पॉटरच्या शेवटच्या खंडात शाळाप्रमुख डंबलडोरनं या मुलाला आजवर सांभाळलं ते वेळ आल्यावर मरण्यासाठी, हे उघड होतं, तेव्हा त्याचा जाब विचारणारा स्नेपच असतो. त्या मालिकेतली जादू फार स्वस्त आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मेलेलं माणूस कोणत्याही मंत्रानं परत येत नाही, हा एक नियम रोलिंग यांनी सात खंड सांभाळला, आणि त्या मालिकेला वजन आहे ते त्यामुळे.

अर्सुला ले ग्विन यांचं उदाहरण या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तिथं हिशोब तपासणारी व्यक्ती स्वतः लेखिका आहे. त्यांच्या ‘अर्थसी’ मालिकेची पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ या काळातली. रोक बेटावरची जादूची शाळा, तिथले गुरू, खऱ्या नावांचं सामर्थ्य हे जग त्यांनी इतकं पक्कं बांधलं की पुढच्या अनेकांनी त्याच पायावर इमारती उभ्या केल्या. त्या शाळेत फक्त पुरुष होते. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘टेहानू’ आलं. त्यात महान जादूगार गेड आपलं सारं सामर्थ्य गमावून परततो, आणि गोष्टीच्या मध्यभागी एक प्रौढ विधवा आणि एक भाजलेली मुलगी असते. त्या मुलीला जाळणारी माणसं तिच्या घरचीच आहेत. आपण घडवलेल्या जगात सत्ता कुणाकडे होती आणि तिचे चटके कुणाला बसले, हे साठीच्या उंबरठ्यावरच्या लेखिकेनं स्वतःला विचारलं. अनेक वाचकांना हे पुस्तक रुचलं नाही. मला ते पहिल्या तिन्हींहून मोठं वाटतं.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: हे पलायन आहे, खऱ्या जगापासून तोंड फिरवणं आहे. यावर उत्तर थायलंडनं दिलं आहे. मे २०१४ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली, तेव्हा निदर्शकांनी ‘हंगर गेम्स’मधली तीन बोटं उंचावण्याची खूण उचलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांसमोर ती खूण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आलं. ऑगस्ट २०२० मध्ये बँकॉकच्या लोकशाही स्मारकापाशी राजसत्तेत सुधारणा मागणारी सभा झाली, तिच्यासाठी आंदोलकांनी हॅरी पॉटरच्या जगातले पोशाख निवडले, कारण ज्याचं नाव घ्यायला बंदी आहे अशा सत्तेविषयी बोलायची सोय त्या कथेत आयती होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करी उठावानंतर दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांनी तीच तीन बोटं वर केली. एखाद्या कादंबरीमुळे क्रांती होते असा दावा मी करत नाही. या देशांतल्या लढ्यांची मुळं त्यांच्या इतिहासात आहेत. पण तुरुंगाची जोखीम पत्करणाऱ्या तरुणांना आपली खूण या पुस्तकात सापडली, हे खरं आहे.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेनं येतो: ही पुस्तकं फार काळी आहेत. २०११ मध्ये मेघन कॉक्स गर्डन यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये कुमारवयीन साहित्यातल्या हिंसेवर आणि विकृतीवर कडक टीका केली आणि त्यावर मोठा वाद झाला. पालकांची ती काळजी मी हलकी मानत नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यावं हा खरा प्रश्न आहे, आणि केवळ धक्का देण्यासाठी रक्त सांडणारी पुस्तकंही आहेत. पण इथं वय पाहावं तसा हिंसेचा हिशोबही पाहावा. कॉलिन्स एकही मरण मजेचं होऊ देत नाहीत. रिंगणात मेलेल्या रू नावाच्या छोट्या मुलीला कॅटनिस फुलांनी सजवते, आणि ते दृश्य दाखवणं राजधानीला नको असतं. वाईट पुस्तकात मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या प्रकरणात कुणाला आठवत नाही. प्रौढांनी असलं काही वाचणं लाजिरवाणं आहे, असा आणखी एक सूर २०१४ मध्ये निघाला होता. मुलांच्या माथी काय मारलं जातंय, हे मोठ्यांनी वाचू नये तर कुणी वाचावं?

तिसरा आक्षेप सगळ्यांत भक्कम आहे, आणि त्याचा बराचसा भाग मी मान्य करतो. ‘हंगर गेम्स’ खपलं आणि साच्यातून काढल्यासारख्या उद्ध्वस्त जगांच्या कादंबऱ्यांची रीघ लागली. सोळा वर्षांची निवडलेली नायिका, दोन देखणे तरुण, एक दुष्ट सरकार. अलीकडे प्रणयप्रधान फॅन्टसीची लाट आहे. सारा जे. मास यांचं ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ मध्ये कुमारवयीनांसाठी म्हणून आलं आणि २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं घेऊन प्रौढांच्या कपाटात गेलं. रेबेका यॅरोस यांचं ‘फोर्थ विंग’ (२०२३) त्याच वाटेवरचं. त्यांचा वाचक मोठा आहे, आणि वाचनात रमलेल्या कुणाचीही हेटाळणी करणं मला पटत नाही. पण माझी कसोटी मी इथंही लावतो. मास यांच्या पहिल्या खंडाच्या शेवटी नायिका फेरा मरते, आणि त्या जगातले सातही अधिपती आपापल्या शक्तीचा अंश देऊन तिला जिवंत करतात. ती परतते ती अधिक बलवान, अमर होऊन. जे गमावलं त्याहून जास्त हाती आलं, तर देणं कसलं? हॅरीही परत येतोच की, असं कुणी म्हणेल. येतो; पण परतण्याची खात्री नसताना तो मरणाकडे चालत जातो, आणि लढाईत मेलेले त्याचे सोबती फ्रेड, ल्युपिन, टाँक्स परतत नाहीत. मास यांना न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं, की दुसऱ्या खंडात त्यांनी फेराची दुःस्वप्नं आणि अपराधभाव बारकाईनं रंगवला आहे. तो भाग त्या मालिकेतला सर्वांत सकस आहे.

‘हंगर गेम्स’ मालिकेतल्या ‘मॉकिंगजे’च्या शेवटाकडे मी पुन्हापुन्हा वळतो, कारण माझे दोन्ही प्रश्न तिथं एकाच टेबलाशी येतात. बंड जिंकलं आहे. राजधानीतल्या मुलांवर भेटवस्तूंच्या पॅराशूटमधून बॉम्ब पडले. त्यांना वाचवायला धावलेल्या वैद्यकीय पथकावर दुसरा स्फोट झाला आणि त्यात कॅटनिसची बहीण प्रिम गेली, जिच्यासाठी कॅटनिस पहिल्यांदा रिंगणात उतरली होती. बॉम्ब बंडखोरांचेच होते, असं तिला कळतं. आता बंडाची नेता कॉइन उरलेल्या सात विजेत्यांसमोर प्रस्ताव ठेवते: राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांची मुलं घेऊन एक शेवटचा खेळ करू. पीटा, अ‍ॅनी, बीटी नकार देतात. जोहाना आणि एनोबारिया होकार. कॅटनिस म्हणते, हो, प्रिमसाठी. आणि तिचा मार्गदर्शक हेमिच तिच्या मागे जातो. मग राजधानीचा पराभूत राष्ट्राध्यक्ष स्नो याला मारायच्या क्षणी तिचा बाण कॉइनला लागतो. ती ‘हो’ खरी होती की कॉइनला गाफील ठेवण्यासाठी? वाचक यावर वाद घालत आले आहेत. लेखिकेनं हा प्रश्न बंद केला नाही, हे तिचं मोठेपण. दोन्ही अर्थ पोटात धरून कादंबरी उभी राहते, कारण सुडाची ती ओढ खरी नसती तर बाणाला किंमत उरली नसती. उपसंहारात कॅटनिसची मुलं कुरणात खेळतात. आपण दफनभूमीवर खेळतोय हे त्यांना ठाऊक नसतं, आणि त्यांना हे कधी, कसं सांगायचं याची चिंता आईला असते. नंतरच्या दोन पुस्तकांत कॉलिन्स मागे जातात. २०२० मधल्या पुस्तकात युद्धात घराण्याचं वैभव धुळीला मिळालेला अठरा वर्षांचा स्नो कोबीच्या पाण्यावर दिवस काढतो आणि तरी पुढे काय होतो ते आपण पाहतो. २०२५ च्या ‘सनराइज ऑन द रीपिंग’मध्ये हेमिचच्या वेळच्या खेळात दुप्पट, म्हणजे ४८ मुलं उतरवली जातात.

शेवटचा आक्षेप आपला घरचा. महाभारत, पंचतंत्र, बत्तीसपुतळी असताना ही परकी भुतं कशाला? मला तर या पुस्तकांनी ययातीकडे नव्यानं पाहायला लावलं. शुक्राचार्यांच्या शापानं आलेलं म्हातारपण ययाती मुलांकडे पुढे सरकवतो. यदू नकार देतो, त्याला शाप मिळतो. पुरू होकार देतो, त्याला राज्य मिळतं. खांडेकरांच्या कादंबरीनं १९५९ मध्ये बापाच्या वासनेची चिकित्सा केली, पण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत कौतुक पुरूचंच असतं. ही नवी पुस्तकं यदूच्या बाजूनं उभी आहेत, आणि यदूच्याच कुळात पुढे कृष्ण जन्मला, ही गोष्टही महाभारतातलीच आहे. रोशनी चोक्शी यांच्या ‘आरू शाह’ मालिकेत पांडवांचे आत्मे आजच्या अमेरिकेतल्या मुलींमध्ये येतात, आणि आरू ज्याच्याशी लढते तो दिव्यात कोंडलेला शत्रू तिचा बाप निघतो. कोंडणारी तिची आई. आपल्या कुमारसाहित्यात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसारखा धीट मुलगा आहे, त्याच्यावर पिढ्या वाढल्या. पण तो गुन्हेगारांशी झुंजतो. घरातल्या आणि दरबारातल्या मोठ्यांच्या निर्णयाला हिशोब मागणारी मोठी मराठी फॅन्टसी आपल्याकडे अजून लिहिली जायची आहे, असं माझं मत आहे. ती लिहिण्याचं सामान आपल्या पुराणकथांत भरपूर आहे.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि अर्थसीचं पहिलं पुस्तक आधी घ्यावं; दोन्ही बारा-तेरा वर्षांच्या मुलाला झेपतात. ‘टेहानू’ आणि ‘मॉकिंगजे’ आणखी दोन-तीन वर्षं थांबू शकतात, आणि ती मुलाच्या हाती देण्याआधी आईबापांनी स्वतः वाचावीत. मुलाचं वाचून झालं, की ‘आवडलं का?’ एवढ्यावर थांबू नका. कॅटनिस ‘हो’ का म्हणाली, हे त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तर मध्ये न बोलता ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.